टाचणीच्या टोकाएवढं

टाचणीच्या टोकाएवढा उजेड — फिल्टरच्या चंदेरी फिल्ममध्ये, कडेपासून बोटभर आत — दिसला, आणि तिने हात जरासा हलवला तर गायब. पुन्हा तोच कोन, तसाच तिरका हात, मागे शाळेच्या प्रयोगशाळेतला तोच दिवा... नाही. तिने डोळे मिटून उघडले. धूळ असेल. पण धूळ काळी दिसते, ती चमकत नाही, एवढं तर तिला कळत होतं. लग्नाआधी चार वर्षं हौशी आकाशनिरीक्षकांच्या या मंडळाचे सगळे फिल्टर तीच तपासायची. सूर्यदर्शनाच्या दिवशी दुर्बिणीच्या तोंडावर हा फिल्टर चढवायचा, आणि त्याआधी तो दिव्यासमोर धरून इंच न् इंच बघायचा, कारण एवढंसं भोक असलं तरी तेवढ्यातून येणारं ऊन दुर्बीण गोळा करते आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात ओतते. तेव्हा ती ‘आहे’ म्हणाली की असायचं. कुणी उलट विचारायचं नाही.

आता ती स्वतःच विचारत होती.

बाहेर मैदानावर रांग लागलेली. अकरा वाजून गेलेले. पोरीला पाजून तीन तास होत आले होते आणि अंग ठणकायला लागलं होतं. तिने घरी फोन लावला.

“झोपलीये,” नवरा म्हणाला. “हो, उताणीच. हो, श्वास चाललाय, आत्ताच बघितला. तू सूर्य बघ ना बाई!”

त्याच्या आवाजातलं ते हसू. गेल्या महिन्यापासूनचं. गेल्या महिन्यात पोरीची टाळू, अंगातलं पाणी कमी झालं की बसते तशी, खोल गेल्यासारखी दिसली होती... दिसलीच होती, आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात पळाली होती, आणि डॉक्टरीणबाई टाळूवरून बोट फिरवून म्हणाल्या होत्या, “छान आहे हो टाळू. तुम्ही जरा झोपा.” तेव्हापासून घरात पातेल्याला पोचा दिसला तरी नवरा ओरडतो, “अगं धाव, याची टाळू बसली!” सासूबाई पदर तोंडाला लावून हसतात. तीही हसते. न हसून सांगते कुणाला?

“झालं का गं?” काका दारात आले. मंडळ त्यांनीच काढलेलं. मोजणी खात्यातून निवृत्त झाले तसे आभाळ मोजायला लागले, असं स्वतःच सांगायचे.

“काका, भोक आहेसं वाटतंय.”

“वाटतंय की आहे?”

तिने फिल्टर पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, दिव्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “मला तर काही दिसत नाही. अगं, याच्यातून हजारभर माणसांनी सूर्य बघितला. कुणी बोंब मारली?”

“बोंब मारायला दुखावं लागतं ना. डोळ्याच्या आत भाजलं तर दुखतच नाही.”

“कुठे आहे तुझं भोक?”

“इथे... इथे कुठेतरी.”

काकांनी खिशातून काळा मार्कर काढला आणि फिल्मवर टप्पकन एक ठिपका दिला. “घे. बुजलं. झालं समाधान?”

ठिपका तिच्या बोटापासून चांगला दोन बोटं लांब होता. मुद्दाम नव्हे — त्यांनी बघितलंच नव्हतं. रडणाऱ्या पोराचा पाय आपटला की जमिनीला चापट मारतात, तशी चापट. भोक बारीक असेल तर काळ्या रंगाने बुजवतात, तिनेच इथे कितीदा बुजवलं होतं. म्हणजे इलाज खरा, फक्त दुखणं खोटं धरलेलं. आणि आता कुणालाही दाखवायला गेलं तर तो ठिपकाच आधी दिसणार — बुजवलंय की, मग काय!

तिच्या कानातून वाफा निघायला लागल्या. आणि त्या रागातच, कुठून कोण जाणे, ती दुपार आली... दवाखान्यात नंबर लागायला दोन तास गेले होते. त्या दोन तासांत, बाकड्यावर, भिंतीकडे तोंड करून, तिने पोरीला दोनदा पाजलं होतं. दोनदा! सकाळपासून तोंड फिरवणारी पोर गटागटा प्यायली होती. डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवलं ते त्यानंतर. हे मी कुणाला सांगितलंच नाही. मला स्वतःलाही नाही.

पण म्हणून टाळू बसली होती, असं तरी कुठे ठरतं?

मैदानावर काकांनी फिल्टर चढवला. रांगेत पहिली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, स्टुलावर चढलेली, एका डोळ्यावर तळहात दाबून तयार. तिची आई मागून म्हणत होती, “नीट बघ हं, डाग शोध, मग मला सांग.”

बाजूला ठेवलेलं दुर्बिणीचं झाकण आपण कधी उचललं ते तिला कळलं नाही. फिल्टरसकट तोंडावर ते बसेना, तेव्हा तिने दुर्बीण सूर्यापासून बाजूला फिरवली, सरळ फिल्टर उपसून काखेत धरला आणि झाकण दाबून बसवलं.

“आज दुर्बीण बंद.”

“अगं ए!” काकांचा आवाज चढला. “लोक तासभर उन्हात उभेत. कशाच्या जोरावर बंद? मला भोक दाखव आधी.”

“दाखवता येत नाही.”

“मग?”

रांगेतून कुणीतरी म्हणालं, “अहो, आमचा रविवार फुकट!” कुणी हसलं. मुलीच्या आईने मुलीला स्टुलावरून उतरवलं आणि झाकणापाशी उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं. रागाने की आणखी कशाने, ओळखू येईना.

“नक्की भोक आहे का हो?” त्या बाईने विचारलं.

नेहमीचं सगळं तिच्या जिभेवर येऊन उभं राहिलं — माफ करा, मी हल्ली जरा जास्तच, झोप होत नाही ना... नेहमीच्या क्रमाने, नेहमीच्या कसनुशा हसण्यासकट. तिने वाट बघितली. शब्द तिथेच थांबले होते, कुणी पुढे सरकेना.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

काका अजून बोलत होते. राग तसाच होता, काखेतला फिल्टर टोचत होता. पण त्या दोन शब्दांनंतर आणखी काही बोलायला हवं असं तिला वाटेना, आणि याचंच तिला, चारचौघांत, भर उन्हात, नवल वाटत राहिलं.