लाकडांच्या बदल्यात एक शनिवार

पंकजला जर्मनीत मिळणार होतं ते असं: तीन वर्षांचं यंत्रकामाचं शिक्षण, शिकता शिकता महिन्याला हातात साडेनऊशे युरो, कारखान्याच्या वसतिगृहात दोनशे ऐंशी युरोंत खोली आणि शेवटी पक्की नोकरी. एका युरोचे सरळ शंभर रुपये धरून त्याच्या मोठ्या बहिणीने, योगिताने, हे सगळं एका कागदावर मांडलं होतं. योगिता जव्हारच्या दवाखान्यात नर्स आहे. आयटीआय झाल्यावर पंकजला नाशिकला वर्षभर जर्मनच्या शिकवणीला तिनेच ठेवलं, विमानाचं तिकीट तिनेच काढलं. तिच्या लग्नाचं कोणी विचारलं की दोन वर्षं तिचं एकच उत्तर, "पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष कुठलं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मोखाड्याकडच्या पोशेऱ्याला, गावी, आई-बापाला, म्हणजे सकू आणि जिवाला, त्या कागदातली एकच गोष्ट मनापासून पटली. खोली आधीच ठरलेली होती. जिवाने वीस हिवाळे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड नेलेलं. परक्या मुलखात गेल्यावर डोकं कुठं टेकायचं, याची किंमत त्याला कोणी कागदावर मांडून दाखवायची गरज नव्हती.

"खोली कोनाची?" त्याने विचारलं.

"कारखान्याची, बा."

"आनि काम?"

"तेही कारखान्याचंच."

"दोन्ही एकाच मालकाचं," जिवा म्हणाला आणि उठला. योगिताला वाटलं, बाचं समाधान झालं.

ऑगस्ट संपता संपता पंकज गेला. सप्टेंबर, ऑक्टोबर फोटो येत राहिले. निळ्या डगल्यातला पंकज, यंत्रासमोरचा पंकज, खिडकीत कुंडी असलेल्या खोलीतला पंकज. सकू ते फोटो दाखवताना प्रत्येकाला आधी कुंडी दाखवायची.

नोव्हेंबरमध्ये फोन आला. पोशेऱ्यात व्हिडिओ कॉल लागतो तो गावाच्या वरच्या वळणावर, तोही ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसलं तर. रविवार होता म्हणून योगिता जव्हारहून आलेली. तिघं कठड्यावर बसली. शेजारचा पुंजा गुरं वळवायच्या निमित्ताने तिथंच उभा राहिला. पुंजाला गुरं दोनच, आणि दोन्हीही घरची वाट त्याच्यापेक्षा चांगली ओळखतात.

"कारखाना बंद होतोय," पंकज म्हणाला. "गाड्यांचे पार्ट बनवतात ना, गाड्याच खपत नाहीत. आम्हा नव्या शिकाऊ पोरांना आधी काढलं. मंदी आहे म्हणतात."

"मंदी म्हंजे काय रं?" पुंजाने विचारलं.

"गिऱ्हाईक नाही, काका."

"मंग ती मोखाड्याला पयल्यापासून हाय," पुंजा म्हणाला. "तिकडं आत्ता पोचली व्हय?"

कोणी हसलं नाही. योगिताने विचारलं, "आणि खोली?"

"महिन्याच्या तीस तारखेला खाली करायची."

जिवाने फक्त मान हलवली. भट्टी बसली की झोपडीही त्याच दिवशी सोडायची असते. त्यासाठी जर्मनीला जावं लागत नाही.

योगिताने त्या आठवड्यात रात्रपाळीतले मोकळे तास खर्चून नियम वाचून काढले. चूक पंकजची नव्हती, त्यामुळे दुसरीकडे शिकाऊ म्हणून जागा शोधायला त्याला सहा महिन्यांची मुदत होती. तोवर आठवड्याला वीस तास काम करता येणार होतं. मे महिन्यापर्यंत जागा मिळाली तर राहायचं, नाहीतर सामान बांधायचं. पण जागा शोधायला आधी कुठंतरी राहायला हवं, आणि खोलीवाले आधी विचारत, काम कुठं करतोस. कामवाले विचारत, पत्ता काय.

पंकजने खोलीसाठी त्रेचाळीस ठिकाणी निरोप पाठवले. पाच ठिकाणांहून उत्तर आलं. दोघांनी बघायला बोलावलं. पहिल्या ठिकाणी महिन्याचे पाचशे साठ आणि तीन महिन्यांचं डिपॉझिट. म्हणजे उशाला दगड घ्यायलाही पैसे उरले नसते. एका केरळी मुलाने त्याला स्वयंपाकघरात गादी टाकू दिली. अट एवढीच की सकाळी सहाच्या आत गादी गुंडाळायची, कारण त्यानंतर तिथं चौघांचा चहा व्हायचा. पंकज शनिवार-रविवार एका हॉटेलात भांडी घासायचा.

"परत ये म्हनावं," पुंजा वळणावर म्हणाला. "एवढं शिकून भांडीच घासायची तर ठाण्याला काय कमी हायेत?"

"तुझ्या घरातली घास आधी," सकू म्हणाली. तिने पंकजला मात्र एकच गोष्ट विचारली. कुंडी खोलीतच राहिली का? राहिली होती.

डिसेंबरात एका शनिवारी हॉटेलला सुट्टी होती. पंकज दुसरी खोली बघायला शेजारच्या लहान गावात गेला. दार उघडलेल्या बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि खोली कालच गेली असं सांगितलं. परतीच्या बसला दीड तास होता. बसच्या थांब्यासमोरच्या घरापुढे एक म्हातारा एकटाच फोडलेल्या लाकडांचा ढीग उचलून भिंतीलगत रचत होता.

पुढचं पंकजने रविवारी कठड्यावरच्या मंडळींना सांगितलं तेव्हा योगिताने कपाळाला हात लावला.

"मी बॅग ठेवली आणि लागलो रचायला," तो म्हणाला.

"त्याला विचारलंस तरी?"

"विचारायचं काय त्यात?"

हे खरंच त्याला कळलं नव्हतं. आमच्याकडे भाताच्या लावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळ्यांनी पुंजाच्या आवणात, म्हणजे भातखाचरात, उद्या जिवाच्या, परवा आणखी कोणाच्या. घर शाकारायचं असलं तरी तेच. 'येऊ का मदतीला' असं कोणी विचारलं तर समोरच्याला 'नको' म्हणावं लागतं, म्हणून विचारत नाहीत, येऊन उभे राहतात. पैसे कोणी देत नाही. दिवसाच्या बदल्यात दिवस परत करायचा. कोणाचे किती दिवस कोणाकडे हे लिहिलेलं नसतं, आणि चुकतही नाही.

"म्हातारा काही बोलला नाही?" योगिताने विचारलं.

"आधी जरा घाबरला. माझ्या बॅगेकडे बघत होता. मग मी कडेला आडवी-उभी लाकडं लावून टोक बांधलं तेव्हा गप्प बसून बघायला लागला. त्याची रास तोवर दोनदा कोसळली होती."

"लाकूड कसलं?" जिवाने विचारलं.

"माहीत नाही, बा. ऐनासारखं जड."

"सुकलेलं का वलं?"

"बा!" योगिता म्हणाली. "पंकज, पुढे?"

"चार तास लागले, अंधार पडेपर्यंत झालं. चारलाच पडतो इथे. बस गेली होती. त्याने पन्नास युरो काढले."

"मग?"

"घेतले नाहीत."

योगिताने फोन जिवाच्या हातात दिला, चार पावलं चालून आली, फोन परत घेतला. "पंकज, तू भांडी घासून तासाला तेरा मिळवतोस. चार तास लाकडं उचललीस आणि पन्नास परत केलेस?"

"पैसे घेतले तर दिवस फिटला असता ना, ताई. मी त्याला सांगितलं, तुम्ही माझा एक दिवस देणं लागता."

"जर्मनमध्ये?"

"मला जमली तशी. तो हसला. मला वाटतं, त्याला कळलं नाही."

"कळणारच नाही! तिथे असं काही नसतं. त्याने सोडून दिलं असणार. वर तुझी बस गेली."

"मंग मागून घे," जिवा म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे बघायला लागली.

"दिवस त्याचा हाय तुझ्याकडं का तुझा त्याच्याकडं?"

"माझा त्याच्याकडे, बा."

"मंग लाज कसली? खोली बघाया जातोस ना, त्याला घेऊन जा. भट्टीला जाताना आमी एकटं जात नव्हतो. तिथला मानूस संगं लागतो. तू बोललास तर बाई दार लावते. तो बोलला तर नाय लावायची."

"बा, असं कोणाच्या दारात जाऊन दिवस मागतात का परदेशात?" योगिता म्हणाली. "हसं होईल त्याचं."

"झालं तर होऊ दे," सकू म्हणाली. "हसं झालं म्हनून कोन मेलं नाय. गादी गुंडाळून दमलं पोर."

पुढच्या शनिवारी हॉटेलात रजा टाकून पंकजने म्हाताऱ्याच्या घराची बेल वाजवली. जर्मनची वही त्याने बसमध्ये चाळली होती. "आज माझा दिवस," तो म्हणाला. "खोली बघायला जायचं आहे. तुम्ही माझ्यासोबत चला."

म्हाताऱ्याने भिंतीलगतच्या राशीकडे पाहिलं. मग त्याने आत जाऊन टोपी घातली.

त्या दिवशी योगिता ड्यूटीवर होती. दर पेशंटमागे एकदा तिने फोन पाहिला. संध्याकाळी सहा वाजता आला तेव्हा ती जव्हारच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होती आणि भाजीवाली पैशांसाठी हात पुढे करून.

"ताई, तो पोस्टमन होता!"

"कोण?"

"म्हातारा! चाळीस वर्षं त्याच गावात टपाल वाटलं त्याने. कोणाच्या घरात किती खोल्या, कोणाची पोरं शहरात गेली, कोणाचा माळा रिकामा, सगळं तोंडपाठ. दोन घरी नाही म्हणाले. तिसरं बेकरीवालीचं."

बेकरीच्या वर एक लहान खोली दोन वर्षं रिकामी होती. शिकाऊ कामगारासाठी ठेवलेली. पण शिकायला कोणी येईना, कारण काम पहाटे अडीचला सुरू होतं. त्या गावात मंदीमुळे पोरं घरी बसली होती, तरी अडीचला उठायला एकही तयार नव्हतं. बाईने पंकजकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने तिला लाकडांबद्दल सांगितलं. बहुतेक तीन वेळा. मग तिने विचारलं, किती वाजता उठतोस?

"मी म्हणालो, घरी लावणीला चारला. अडीचलाही उठेन. ताई, तीन वर्षांचा करार. हातात आठशे. खोली एकशे नव्वद."

योगिताने मेथीवालीला वीसच्या जागी पन्नासची नोट दिली आणि सुट्टे न घेता निघाली. भाजीवालीने तिला हाक मारली, पण बेताच्याच आवाजात.

रविवारी कठड्यावर जिवाला बातमी कळली. तो हसला आणि लगेच त्याने विचारलं, "खोली कोनाची?"

"बेकरीवालीची, बा."

"काम?"

"तेही तिचंच," योगिता म्हणाली. म्हणताना तिला ऑगस्टमधलं बाचं 'दोन्ही एकाच मालकाचं' आठवलं.

"तिला सांग," जिवा म्हणाला, "कामाचा कागद येगळा, खोलीचा येगळा. काम गेलं तरी खोली तीन महिनं माझी. हे लिहून दे म्हनावं."

पंकज चाचरला. खोली हातची जाईल अशी भीती त्याला वाटत होती. त्याने ते म्हाताऱ्याला सांगितलं आणि म्हाताऱ्याने बेकरीवालीला. बाई म्हणाली, बरोबर आहे, आमच्याकडे तसंच करतात. दोन कागद झाले. जानेवारीत सह्या झाल्या, फेब्रुवारीच्या शेवटी सरकारी कचेरीतून परवानगीचा शिक्का आला. त्या दिवशी जिवा दुपारचा झोपला. दुपारी झोपलेला जिवा सकूने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. आजारी आहे की काय म्हणून तिने दोनदा नाकाजवळ हात धरून बघितला.

"म्हंजे यंत्रं शिकाया गेला आनि भाकरी भाजतोय," पुंजा म्हणाला.

"पाव," सकू म्हणाली. "आनि तुला देनार नाय."

आता हे सगळं कोणाला कितीला पडलं ते सांगून टाकू. कारखान्याला काहीच पडलं नाही, त्याने पोरं काढली आणि हात झटकले. म्हाताऱ्याने एक शनिवार दिला आणि त्याची रास अजून उभी आहे. योगिताची दोन वर्षं गेली, ती तिने कोणाकडे परत मागितली नाहीत. एप्रिलमध्ये मोखाड्याच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं, तेव्हा तिने पहिल्यांदा 'पुढच्या वर्षी' न म्हणता 'बघू' म्हटलं.

खरी वसुली जुलैमध्ये झाली. जिवाच्या आवणात लावणीला बावीस माणसं आली. म्हणजे बावीस दिवस परत करायचे, आणि घरात एक हात कमी. नऊ दिवस जिवाने भरले, सात सकूने, पाच योगिताने बिनपगारी रजा काढून, गुडघाभर चिखलात. सहाव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला म्हणून तिला जावं लागलं. पंकजने एकही भरला नाही. राहिलेला एक दिवस पुंजाचा आहे, आणि पुंजा तो सोडायला तयार नाही.