मुका मार

जुन्या काचेच्या गोट्या खऱ्या की नकली हे सांगणं हा काय धंदा झाला, असं म्हणून लोक हसायचे, पण भिंगमास्तरांचा सगळा जन्म त्यातच गेला होता. संग्राहक लांबून लांबून यायचे, रुमालाच्या गाठीतून गोटी काढून टेबलावर ठेवायचे, आणि ते टेबल मास्तरांनी असं काटेकोर सपाट बसवून घेतलं होतं की गोटी ठेवल्या जागेवरून तसूभर हलायची नाही. मग मास्तर भिंग लावून आधी गरम काचेच्या कांडीपासून गोटी तोडल्याची खडबडीत खूण शोधायचे, नंतर आतले बुडबुडे, आणि शेवटी मुका मार. खेळताना गोटीवर गोटी आपटली की काचेच्या आत बारीकशी चंद्रकोर उमटते, वरून हात फिरवला तरी काही लागत नाही. त्याला ते दोघं मुका मार म्हणायचे.

दोघं म्हणजे मास्तर आणि त्यांची बायको. भिंग मास्तरांचं, पण निकाल तिचा. डोळे मिटून, मान जराशी डावीकडे झुकवून ती गोटी तळहातावर घ्यायची. "मुका मार तेवढा मला कळत नाही हं, तो तुम्ही सांगायचा," असं म्हणायची, आणि मास्तर सांगायचे. गोटी खरी असली की तिची मूठ मिटायची. खोटी असली तर चकार शब्द न काढता ती तळहात हळूच कलता करायची, आणि गोटी गडगडत जायची.

"अगं, गिऱ्हाइकाचा तरी विचार कर!" मास्तर चिडायचे.

"खोटीला कशाला धरून ठेवायचं?"

ती गेली तेव्हा मास्तर रडले नाहीत. आल्यागेल्याला पाणी विचारत राहिले, खुर्च्या सरळ करत राहिले आणि दुसऱ्याच दिवशी दुकान उघडून बसले. लेकीच्या मनाला ते फार लागलं. पुढे आईचे कपडे आवरून झाल्यावर ती दुपारची दुकानात आली आणि एक गोटी टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"आईच्या स्वेटरच्या खिशात होती. बघा, खरी आहे का. तेवढंच जमतं तुम्हाला."

"बस ना जरा."

"बाबा, खरं सांगा, आईबद्दल तुम्हाला काही वाटत होतं का हो?"

मास्तर भिंग पुसायला लागले. पुसतच राहिले. शेवटी लेक डोळे पुसत निघून गेली.

गोटी त्यांनी पूर्वी कधीच पाहिली नव्हती. स्वच्छ काच आणि आत पांढऱ्या मातीची मूर्ती. अशा गोट्यांत बहुधा मेंढरू असतं, नाहीतर पक्षी; हिच्यात एक बाई बसलेली होती. काच तर मास्तरांच्या आजोबांहून जुनी, त्यात शंकाच नव्हती. पण बाईचे डोळे मिटलेले होते, मान डावीकडे झुकलेली होती, अगदी तिच्यासारखी. जगात मान झुकवणाऱ्या बायका काय थोड्या आहेत, असं त्यांनी स्वतःला दटावलं आणि मोठं भिंग काढलं.

बाईच्या तळहातावर एक कण होता. तो काचेचा होता, आणि त्याच्या आत टेबलावर वाकलेला एक माणूस होता, डोळ्याला भिंग लावलेला, गळ्यातल्या मफलरची एक बाजू लांब आणि एक आखूड. बायको रोज ओढून सारखी करून द्यायची ती. मास्तरांचा हात नकळत गळ्याशी गेला. आज सकाळीही मफलर तसाच राहिला होता.

तिची मूठ मिटलेली नव्हती. तळहात कललेलाही नव्हता. निकाल अजून व्हायचा होता.

तेव्हा कुठे मास्तरांना रडू फुटलं, इतके दिवस अडून राहिलेलं सगळं एकदम, पोरासारखं. भिंगावर पाणी सांडलं, समोरचं दिसेनासं झालं, तरी ते गोटीला तोंड लावून घाईघाईने सांगत सुटले, "अगं थांब, थांब जरा. हाताला नाही लागत तो. मी सांगायचा असतो ना? मीच सांगितलं नाही गं. आत बघ, मुका मार आहे. सगळीकडे आहे."

त्यांनी मफलरच्या टोकाने भिंग कोरडं केलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं.

त्या काटेकोर सपाट टेबलावरची पेन्सिल हलली, आणि हळूहळू काठाकडे गडगडायला लागली.