औषधाचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं, माझ्यात तेल भरतील, नाहीतर काकवी. भरलं काय, तर द्राक्षांवर फवारायचं विष! आमच्या नाशिकच्या बागांत त्याला 'औषध' म्हणतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

औषध संपलं. बागेचे मालक गंगाधरशेठ यांनी मला दोनदा विसळलं आणि मजूर बायकांच्या झोपड्यांपाशी प्यायच्या पाण्यासाठी मांडलं. या बायका पेठ तालुक्याच्या डोंगरातून येतात. कात्रीनं घडांतले जादा मणी काढून विरळणी करतात, घड औषधात बुडवतात. शेठच्या कुत्र्याला मात्र नळाचं पाणी हो!

लंकाबाईची चार वर्षांची दिशा माझं पाणी प्यायली आणि दिवसभर ओकत राहिली. मला इतकी शरम वाटली! पण ड्रमाला कोण विचारतो?

लंकाबाई शेठकडे गेली. शेठ हसले. "अगं, औषधाचाच ड्रम हाय, विषाचा थोडाच?"

"मग आमची पोरं काय द्राक्षाचे घड हायत, औषधात बुडवायला?"

दुसऱ्या दिवशी टोळीतल्या एकाही बाईनं कात्री उचलली नाही. विरळणी लांबली की माल हातचा जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "नळ द्या, संडास द्या, मंग कात्री धरू!" त्यांच्यातली चिमणाबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. शेठना नळाचं कुलूप काढावंच लागलं. पत्र्याचा संडासही उभा राहिला. मला गोठ्यामागे फेकलं. अडगळीत पडून इतका आनंद कुणाला झाला नसेल!

पण मजूर आणणारा मुकादम शेठचाच माणूस. यंदा टोळी आली, तिच्यात लंकाबाई नव्हती.

"मुकादमानं तिला गाडीतनं उतरवलं," एक बाई कुजबुजली. "एकीला उतरवलं तर समद्या उतरू, असं ठरलं व्हतं ना?"

"मंग तू का नाय उतरलीस?" कडेवरच्या नातवाला सावरत चिमणाबाई म्हणाली.

"तू का नाय उतरलीस?"

नळाला पुन्हा कुलूप लागलं. मला ओढत आणून काठोकाठ भरलं.

मित्रांनो, इतर वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मला जपू नका. मला कितीही धुतलंत तरी मी स्वच्छ होणार नाही. कुऱ्हाड घ्या, माझ्या बुडाला भोक पाडा. आणि लवकर पाडा, चिमणाबाई नातवासाठी तांब्या घेऊन येतेय.