शेवंती : पाहा सुमंगला

मित्रांनो, मी पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे एक जुने कपाट आहे. गोव्यात धारगळला महामार्ग सोडून आत वळले की थोड्या अंतरावर एका लहान गावचे वाचनालय लागते. त्याच्या कोपऱ्यात, जनेलाजवळ, म्हणजे खिडकीजवळ, मी उभे आहे. लहान लहान खण, प्रत्येकाला पितळेची कडी. हल्ली येणारे पाहुणे विचारतात, हे वैद्याचे औषधांचे कपाट का? मी काय सांगणार?

मला डिचोलीच्या शंभू मेस्ताने फणसाच्या लाकडातून घडवले. माझ्या प्रत्येक खणात तळाशी एक सळई आहे. कार्डाच्या खालच्या कडेला भोक असते, त्यातून ही सळई ओवली की कार्डे जपमाळेतल्या मण्यांसारखी आपापल्या जागी राहतात. मागेपुढे सरकवावीत, वाचावीत, पण एखादे उपटून न्यावे म्हटले तर जमत नाही. शंभू मेस्ताने सळई घालून खण लावला तेव्हा देवाला हात जोडले होते. ते मला अजून आठवते.

मला भरले ते ग्रंथपाल कृष्णनाथभाईंनी. नवे पुस्तक आले की ते आधी बसून वाचायचे, मग त्याचा विषय ठरवायचे, त्या विषयाचा क्रमांक पुस्तकावर चिकटवायचे आणि तोच क्रमांक कार्डावर लिहायचे. पुस्तकाला उभे राहायला एकच जागा असते, पण त्याला शोधणारी माणसे निरनिराळ्या वाटांनी येतात. कोणाला लेखकाचे नाव ठाऊक, कोणाला पुस्तकाचे, कोणाला नुसता विषय. म्हणून एका पुस्तकाची अनेक कार्डे. कोणत्याही वाटेने या, जागा तीच सापडेल. देवळाला चारी बाजूंनी वाटा असतात ना, तसे.

एकदा गावातल्या विनोदिनीबाई एक पातळ पुस्तिका घेऊन आल्या. त्यांची आई सुमंगला हिने धालोची गाणी सांगितली होती आणि म्हापशाच्या एका छापखान्यात ती छापून घेतली होती. पौषात आमच्याकडे बायका मांडावर, म्हणजे गावच्या पवित्र अंगणात, समोरासमोर ओळी करून धालो घालतात. आधी धरतरीला आणि गावच्या देवांना नमन, मग पुढची गाणी. प्रत्येक गावचे नमन वेगळे. या गावचे नमन त्या पुस्तिकेत होते. बाकीच्या प्रती वाटून संपल्या होत्या. ही शेवटची.

कृष्णनाथभाईंनी विचारले, "आवयचें माहेरचें नाव किदें?"

विनोदिनीबाई हसल्या. म्हणाल्या, शेवंती, पण आता ते कोणाला ठाऊक? भाई म्हणाले की मुळगावच्या माहेरच्या बायका याच नावाने विचारतील. त्यांनी एक जास्तीचे कार्ड लिहिले. 'शेवंती : पाहा सुमंगला.' म्हणजे शेवंती शोधणाऱ्याने सुमंगलाच्या कार्डाकडे जावे. लग्नात बाईचे नाव बदलते मित्रांनो, पण माझ्या खणात तिचे माहेरही जपले जायचे. मला स्वतःचा तेवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

त्या वर्षांत शाळेची मुले यायची, माझे खण ओढायची. भाई ओरडायचे, "हळू रे, देवाची पेटी आसा ती." मला ते खूप आवडायचे.

मग भाई वारले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. वाचनालयाचे चिटणीस गौरेश आपले दुकान सांभाळून दार उघडू लागले. माणूस चांगला, देवधर्म पाळणारा. म्हणून तर पुढचे घडले.

आमच्याकडे दसऱ्याला सरस्वती पुजतात. भाई प्रत्येक फळीवरचे एकच पुस्तक पाटावर मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने जिथले तिथे ठेवायचे. गौरेशना ते अपुरे वाटले. सगळीच देवीची लेकरे, मग पूजा एकाचीच का? त्यांनी सारी पुस्तके खाली काढवली. सतरंज्यांवर राशी लागल्या, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूच्या पाकळ्या. मलाही एक हार घातला.

दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून पुस्तके परत लावताना गौरेशनी आणि मंडळींनी ती सुबक लावली. उंच उंचांबरोबर, तांबडी तांबड्यांबरोबर, बारीकसारीक मागच्या ओळीत. पाहुण्यांनी वाहवा केली आणि एक संगणक भेट दिला.

एकही पुस्तक हरवले नाही. माझे एकही कार्ड हलले नाही. तरी त्या दिवसापासून माझे प्रत्येक कार्ड खोटे बोलू लागले. देवीची पूजा झाली मित्रांनो, पण तिच्या घरी जायच्या वाटा मोडल्या.

गौरेशनी नंतर फळीवर पुढच्या ओळीत जे दिसले ते संगणकात घातले. मागच्या ओळीत काही आहे हे ते विसरले.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा विनोदिनीबाई आल्या. धालोचे पूर्ण नमन येणाऱ्या जुन्या बायका एकेक करून गेल्या होत्या. आता पुढे उभे राहायचे ते विनोदिनीबाईंनीच, आणि नमनाचा मधला भाग त्यांना आठवेना. दृष्टीही अधू झालेली.

"गौरेशा, माझ्या आवयचां पुस्तक दी रे."

गौरेशनी संगणकात पाहिले. म्हणाले, काकी, नाव येत नाही, म्हणजे ते आपल्याकडे नसणार.

"नसतलां कसां? कार्ड आसा मगे हांगा."

त्यांनी माझा खण ओढला. आईला शोधताना बोटे आपसूक माहेरच्या नावाकडे गेली. शेवंती : पाहा सुमंगला. सुमंगलाचे कार्ड निघाले, त्यावर जागा निघाली. त्या जागेवर जाऊन त्यांनी हात लावला, तर तिथे जाडजूड तांबडे ग्रंथ उभे.

त्या रोज सकाळी पूजा आटोपून येऊ लागल्या. हातांनी चाचपत एकेक फळी बघायच्या. गौरेशही गिऱ्हाईक सोडून मदतीला यायचे. पण जाड पुस्तकाच्या पाठीवर नाव असते, पातळ पुस्तिकेला पाठच नसते. ती सापडते फक्त शेजाऱ्यांवरून, आणि शेजार तर उठून गेला होता. सोबत आलेल्या शेजारीण हर्षाबाई म्हणाल्या, "तुझी आवय जिती आसताना तरी कोणाच्या हाताक लागताली?" दोघी हसल्या. मग विनोदिनीबाई खाली सतरंजीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

त्या पौषात मांडावर मोबाइलवरचे नमन लावले. कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या देवांना हाक मारणारे. आमचे देव त्या वर्षी हाकेवाचून राहिले.

मी निरुपयोगी झाले हे मग सर्वांनाच पटले. चतुर्थी आली. गणपतीच्या डोक्यावर रानफळे टांगून माटोळी बांधतात, तिची स्पर्धा होती, आणि प्रत्येक फळाला नावाची चिठ्ठी हवी होती. माझी कार्डे जाड, मागून कोरी, दोरीला भोक आयतेच. कोणीतरी सळया उपसल्या. भाईंचे अक्षर घरोघरी गेले, आंबाडे, कांगणां, घागऱ्यो अशा रानफळांच्या चिठ्ठ्या होऊन टांगले गेले. पहिले बक्षीस आमच्याच वाड्याला, म्हणजे वस्तीला, मिळाले.

हर्षाबाईंच्या घरी गणपतीला नमस्कार करून मान वर केली तेव्हा विनोदिनीबाईंना तोरिंगाखाली, म्हणजे पपनसाखाली, एक चिठ्ठी उलटी फिरलेली दिसली. अगदी जवळ जाऊन त्यांनी भाईंचे अक्षर ओळखले. शेवंतीचे कार्ड. पण माटोळी मोडायची नसते. त्यांनी विसर्जन होऊ दिले आणि मगच कार्ड मागून घेतले.

ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या. खणात आता वाती आणि कापूर ठेवतात. त्यांनी ते बाजूला सारले, सळई शोधली आणि एकटे कार्ड तिच्यात ओवले.

"रव हांगाच," त्या कार्डाला हळूच म्हणाल्या. "कोण तरी विचारीत येयत."

कोणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पुस्तिका याच खोलीत आहे. ती कोणी बाहेर नेली नाही. मागच्या ओळीत ओल आहे, वाळवीही लागली आहे.

मित्रांनो, पुस्तकाला हळदकुंकू वाहा, जरूर वाहा. पण नंतर ते जिथून काढले तिथेच ठेवा. तीही पूजाच आहे, आणि तीच आधी आहे.

सुमंगलाचे कार्ड कुठल्या माटोळीबरोबर वाहून गेले कोण जाणे. माझ्याकडे उरले आहे ते एकच. दुपारी जनेलातून ऊन येते तेव्हा खणाच्या फटीतून त्यावरचे अक्षर दिसते. शेवंती, पाहा सुमंगला. त्याच्या मागे रिकामी सळई आहे.