एक्केचाळीस मुली

बसमधून उतरल्यावर मी मुली मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. यादीत चाळीसच होत्या. एखादी कमी भरली तर काय करायचं, हे मुख्याध्यापिकांनी चारचारदा बजावलं होतं; जास्त भरली तर काय, ते कुणीच सांगितलं नव्हतं. त्यात या वर्गावर येऊन मला जेमतेम आठवडा झालेला. सगळ्यांचे चेहरे सारखेच वाटत होते.

तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती समोर उघडी पडली होती. दोऱ्या बांधून आखलेले चौकोनी खड्डे, गुडघाभर उंचीच्या भिंती. खोदकामावरचे काका मुलींना घरं दाखवत होते आणि मी मागून डोकी मोजत होते. हजेरी घेतली. चाळीसही जणी ‘हजर’ म्हणाल्या.

पलीकडे दुसऱ्या शाळेची सहल होती, गणवेश आमच्यासारखाच निळा. मी त्यांच्या सरांना गाठलं. “तुमची एखादी मुलगी कमी आहे का?”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईने मोजून ते म्हणाले, “नाही हो! बरोबर आहेत.”

माझं डोकं चालेना. मी मटकन खाली बसले.

“बाई, भिंतीवरून उठा!” काका ओरडले. मुली खो खो हसल्या. मी लाजून उठले आणि शेवटी सरळच विचारलं, “माझ्याकडून कुणाचं नाव घ्यायचं राहिलं?”

मागून एक हात वर आला. बारीक चणीची, दोन वेण्या घातलेली मुलगी.

“मी आजच आले, बाई. ऑफिसातले काका म्हणाले, तुझा वर्ग बसमध्ये बसलाय, पळ.”

“अगं, मग सांगायचं नाही का?”

“कुणी विचारलंच नाही.” तिने घामेजलेल्या मुठीतली चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर शाळेचा शिक्का आणि आईचा नंबर होता.

मी तिच्या आईला फोन लावला.

“पोरगी रमली का वर्गात?” आईने विचारलं.

“हो. म्हणजे, वर्गच शाळेत नाहीये. आम्ही सहलीला आलोय. खूप लांब.”

पलीकडून चाचरत प्रश्न आला, “आणि… जेवली का ती?”

मी वळून पाहिलं. चौघीजणी तिच्यापुढे आपापले डबे धरून उभ्या होत्या, आणि आधी कुणाच्या डब्यात हात घालावा, हे काही तिला कळत नव्हतं.