चार मिनिटांचा अंधार

मोबाइलवर ताऱ्यांचे फोटो काढायचं खूळ मला दोन वर्षांपासून आहे. अक्कलकुव्यात आमचं कापडाचं दुकान हायवेला लागूनच. तिथल्या उजेडात चंद्र दिसला तरी नशीब. म्हणून पौषातल्या अमावास्येला मी खात्याच्या पाड्यावर मुक्कामाला गेलो. डोंगरातला पाडा, वीज नाही. खात्या आमचं जुनं गिऱ्हाईक, माझ्या आजोबांच्या, उत्तमचंद शेठांच्या वेळेपासूनचं.

पोचेपर्यंत दिवस मावळला होता. खात्याच्या बायकोनं, तुळशीबाईनं, ज्वारीच्या भाकरी आणि उडदाची डाळ करून ठेवली होती. चुलीजवळ मला कोंबडीची पिसं दिसली आणि जीभ सरळ खोटं बोलून गेली.

"माझा चौविहार आहे. सूर्य मावळल्यावर मी काही घेत नाही."

मी! हायवेच्या ढाब्यावर रात्री अकराला पनीर चापणारा! चौविहार, म्हणजे आम्हा जैनांचा रात्री पाणीसुद्धा न घेण्याचा नेम, आजोबांनी पाळला, जन्मभर. माझ्याकडे नुसता तो शब्द उरलाय, आणि तो मी असा वापरला.

खात्यानं हात जोडले. "बरोबर शे, मयंकशेठ. मोठा शेठ पानीबी नई पेयेत. आम्हालेच उशीर व्हयना." मग हळूच म्हणाला, "मडकं नवं शे. त्यामा कोंबडी कधीच शिजनी नई. तुमनासाठे आनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच 'वाढा' म्हणायला हवं होतं. ते राहिलं बाजूला, वर मी हुकूमच सोडला, फोटो होईपर्यंत दिवा-बॅटरी काही लावू नका म्हणून. ऐन थंडीत त्यांनी चुलीतले निखारेसुद्धा राखेनं झाकले.

शेताच्या बांधावर मोबाइल स्टँडला लावला. ताऱ्यांचा फोटो उमटायला चार मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो जरासुद्धा हलता कामा नये. मृगाचे तीन तारे बरोबर मध्ये घेतले, बटण दाबलं आणि बॅगेत हात घातला. रूपलनं, माझ्या बायकोनं, खाकरे बांधून दिले होते. भूक अशी लागली होती की विचारू नका. दुसरा खाकरा तोंडात कुरकुर वाजत होता तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"थंडी शे, शेठ. गोधडी लई उनू."

खात्या! उजेड करू नका असं मीच बजावलं होतं, म्हणून बिचारा अंधारात चाचपडत आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. मला घास गिळवेना आणि थुंकवेना. त्यानं गोधडी माझ्या खांद्यावर टाकली, "फोटू निंघना का?" एवढंच विचारलं आणि गेला.

फोटो निघाला होता. तसा मला आजवर कधी जमला नव्हता. एकदा पाहिला आणि मोबाइल उपडा ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आता हा बायकोला सांगणार, मग पाडाभर होणार, मग बाजारच्या दिवशी अख्ख्या अक्कलकुव्यात. आणि माझं काय जायचं ते जाऊ दे, आजोबांच्या नावाला मी काळं फासलं होतं.

सकाळी डोंगरावर सूर्याची कड दिसते न दिसते तोच तुळशीबाई ताट घेऊन उभी. पहाटे उठून ताज्या भाकरी थापल्या होत्या. पाहुणा उपाशी म्हणून रात्री घरात कोणीच जेवलं नव्हतं, असं त्यांची मुलगी सुनिता हसत हसत सांगून गेली. कोणीच म्हणजे खात्यासुद्धा. त्याला तर सगळं माहीत होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता. घरात ते भिलीत बोलतात. आता मात्र तो बायकोशी मला समजेल अशा अहिराणीत बोलला.

"शेठनी रातभर पानीना थेंबबी लिधा नई. आजून एक भाकर वाढ."

तिनं वाढली. मी मान वर न करता खाल्ली.