भोंगा बँडचा ड्रमर

नगरच्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं प्रुफं वाचतोय. माझी एक पद्धत आहे. पान शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचं. मग गोष्टीत मन अडकत नाही आणि चुका दिसतात.

मार्चमध्ये आमच्या चर्चमधल्या सिल्व्हियाची कादंबरी छापायला आली. नागापूर एमआयडीसीतली चार पोरं रॉक बँड काढतात, त्याचं नाव ‘भोंगा’. मला त्या संगीतातलं काही कळत नाही, खरं तर ते सहनही होत नाही. बँडमधला ड्रमर मरतो. त्याला सिल्व्हियानं आपल्या गेलेल्या भावाचं, नॅथनचं नाव दिलं होतं. पहिली प्रुफं निघाल्यावर ती धावत आली.

“प्रभुदासकाका, ते नाव बदलून जस्टिन करा. मम्मी म्हणते, माझा नॅथन मला परत मेलेला दिसायला नको. एका जागीसुद्धा नको.”

ऑपरेटरनं कॉम्प्युटरवर नाव बदललं. पण आमच्या जुन्या फॉन्टमध्ये एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं, त्यामुळे काही जागा सुटतात. त्या मी हुडकायच्या होत्या.

ड्रमरच्या मरणाचं प्रकरण आलं. खालून वर येताना एक वाक्य दिसलं: ‘ड्रमवर कुणीच नव्हतं, तरी गाणं सुरू करायच्या आधी तिघं चार ठोके थांबले.’ का थांबले असतील? मी पानाच्या डोक्यावर गेलो आणि तिथून खाली वाचत सुटलो. ते प्रकरण संपलं, पुढचंही संपलं. डबा खायचा राहिला. नंतर तीच पानं उलटी वाचायला हवी होती. माझ्यानं झालं नाही.

मालक राधाकृष्ण हसले. “काका, चाळीस पानांत एक लाल खूण नाही? लेखिकेनं पेढे चारले का काय?”

“स्वच्छ आहेत,” मी म्हणालो.

प्रकाशन चर्चच्या हॉलमध्ये होतं. पाळकांनी पुस्तकावर प्रार्थना केली आणि सिल्व्हियाची आई, एंजेलाबाई, वाचायला उभ्या राहिल्या. लेकीनं तेच प्रकरण काढून दिलं होतं. रविवारी शास्त्रपाठ वाचावा तशा बाई सावकाश, स्पष्ट वाचत होत्या. “नॅथनच्या काठ्या तिथंच पडल्या होत्या…” वाचून गेल्यावर त्यांना ते कळलं. त्या थांबल्या, पुस्तक मिटलं आणि खाली बसल्या. पाळकांनी घाईघाईनं गीत धरलं.

सिल्व्हियानं मला दाराशी गाठलं.

“काका, खरं सांगा. ते प्रकरण तुम्ही वाचलंच नाही ना?”

इतकं मन लावून कुठलंच पुस्तक मी वाचलं नव्हतं. पण ते आता बोललो असतो तर सबब वाटली असती. आणि बावीस वर्षं उलटं वाचणाऱ्याच्या मताला किंमत ती काय?

“नाही,” मी म्हणालो.

“वाटलंच मला. वाचलं असतं तर सुटलं नसतं,” ती म्हणाली आणि मम्मीला रिक्षात बसवायला गेली.